पट्ट्याने झालेली गाठ

पुरुषांनाही स्तनाचा कर्करोग होतो. एवढं साधं वाक्य दुसऱ्यांसमोर मोठ्याने म्हणायला मला दोन वर्षं लागली. माझा इलाज करणारे डॉक्टर म्हणाले, तुम्ही लिहा, कुणाला तरी उपयोग होईल. होईलही. पण ‘हिंमत ठेवा, बघा मी कसा बरा झालो’ असलं काही वाचायचं असेल तर ते इथे मिळणार नाही. मी बरा झालो हे खरं आहे. आजार कळला त्या दिवशी डॉक्टरांनी मला एक काम सांगितलं होतं: घरी जा आणि बहिणीला सांगा. ते मी केलं नाही. माझ्या आजारपणात सांगण्यासारखं जे काही आहे ते एवढंच.

घड्याळ

मी विलास. गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट सेक्शनला होतो. भट्टीचं तापमान, दाब, वेग दाखवणारे जेवढे काटे आणि आकडे असतात ते खरं बोलतात की नाही हे पाहणं माझं काम. बायको संध्या. मूलबाळ नाही. चाळिशी आली तोवर डॉक्टर करून झाले होते, देव करून झाले होते, आणि माझ्यातच काही खोट असेल अशी कुजबुज ऐकूनही झाली होती.

दोन हजार सहाच्या सुमारास आमच्या खात्यात दक्षिणेकडचा एक इंजिनीअर आला. त्याने मला ट्रायथलॉनचं वेड लावलं. आधी पोहायचं, तसंच ओल्या अंगाने सायकलवर बसायचं, सायकल टाकली की धावायचं. मला ते फार आवडलं. लहानपणी राजुऱ्याला असताना वर्धा नदीत पोहायला शिकलोच होतो, आता अमलनाल्याच्या धरणात जाऊ लागलो. सायकल राजुऱ्याच्या रस्त्यावर, चुनखडीच्या ट्रकांच्या बाजूने. धावणं कॉलनीत. घरी आलो की पापण्यांवर सिमेंट बसलेलं असायचं. संध्या म्हणायची, “पाणी मारू नका, जमून जाईन.”

मग घड्याळ हवं झालं. साधं नाही, तिन्ही खेळ मोजणारं, उपग्रहावरून अंतर सांगणारं, छातीच्या पट्ट्यावरून ठोके सांगणारं. तेव्हा अशी घड्याळं नुकतीच निघाली होती आणि एकातही सगळं धड नव्हतं. एक पाण्यात चालायचं, पण त्याचं जीपीएस वेगळ्या डबीत, ती दंडाला बांधायची. दुसऱ्याचं जीपीएस पोटातच, पण ते काडेपेटीएवढं जाड आणि पोहायला लागलं की उपग्रह हरवायचा. तिसऱ्यात खेळ बदलायला एकच बटण, पण बॅटरी शर्यत संपायच्या आत मरायची. शिवाय हँडलवर बसवायचा क्लिप, पॅडलचे फेरे मोजणारं चुंबक, मऊ पट्टा की कडक पट्टा, चार्जर कुठला. मी कारखान्याच्या लॉगशीटवर रकाने आखून दोन महिने तुलना करत होतो.

राजुऱ्याच्या बसस्टँडजवळ सलीमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. आम्ही एका बाकावर शिकलो. त्याचा भाऊ शारजाला होता, तो आणणार होता. सलीम माझे कागद पाहून म्हणाला, “काय बे, बायको पाहाले तू अर्धा घंटा बसला होता. आन् घड्याळासाठी दोन महिने?”

शेवटी काडेपेटीएवढं जाड तेच घेतलं. सोबत कडक प्लॅस्टिकचा पट्टा.

माझी मोठी बहीण पुष्पा कुरखेड्याला दिली आहे. आम्ही तिला बाई म्हणतो. ती अंगणवाडीत सेविका. आई लवकर गेली, तेव्हा मी पाच वर्षांचा आणि बाई बाराची. मला तिनेच वाढवलं. घड्याळ आलं त्या आठवड्यात तिला फोन केला तर तिने सगळ्या अंगणवाडीला सांगून टाकलं की, माह्या भावाचं घड्याळ आभाळातल्या यंत्राशी बोलते.

आधी सेन्सर पाहायचा

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला धावून आलो आणि बनियनवर डाव्या बाजूला रक्ताचा ठिपका दिसला. लांब पळणाऱ्यांना हे होतं, कपडा घासून. मी तिथे चिकटपट्टी लावली. आठवड्याने आंघोळ करताना बोटाला वाटाण्याएवढं काहीतरी कडक लागलं, अगदी छातीवरच्या बोंडीच्या मागे. दुखत नव्हतं.

आता माझं डोकं कसं चाललं ते सांगतो, कारण त्याची मला आजही चीड येते. आमच्या खात्यात पहिल्या दिवशी एक नियम शिकवतात. आकडा वेडावाकडा आला तर आधी सेन्सर पाहा, मग केबल, मग कार्ड, आणि सगळ्यात शेवटी भट्टी. कारण भट्टी थांबवणं म्हणजे सगळा कारखाना थांबवणं. वीस वर्षं मी असंच काम केलं होतं आणि शंभरातल्या नव्वद वेळा दोष सेन्सरचाच निघाला होता. मग छातीवर गाठ आली, तर छातीवर बाहेरून बांधलेली वस्तू कुठली? पट्टा.

कडक पट्टा काढून मऊ कापडी मागवला. तो यायला दीड महिना गेला. तो लावूनही ठिपका पडत राहिला, म्हणून सलीमकडून आतून सुती अस्तर शिवून घेतलं. मग पट्टा उलटा बांधून पाहिला. मग मोहाच्या बियांचं तेल चोळून पाहिलं. मग पट्टा बांधणंच सोडलं आणि स्वतःला सांगितलं की जुनी जखम आहे, भरायला वेळ लागणार. बोंडी आत ओढली गेली तेव्हा म्हटलं, अस्तराची शिवण टोचली असेल. सात महिने गेले. त्या काळात मी पट्ट्यांवर एवढा अभ्यास केला की त्यावर परीक्षा असती तर पहिला आलो असतो.

अस्तर बदलायला तिसऱ्यांदा सलीमकडे गेलो. त्याने दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि म्हणाला, “शर्ट काढ. कुठी लागते ते पाहू दे.”

मी काढला. त्याने पट्टा माझ्या छातीवर धरला, जसा बांधतात तसा. मग घड्याळ दुरुस्तीचं भिंग डोळ्यावरून काढून ठेवलं.

“विलास, पट्टा इथी आहे,” त्याने बोट ठेवलं. “आन् गाठ इथी. दोघाईच्या मधी दोन बोटं जागा आहे. पट्टा तिथी लागतच नाई बे.”

“वर सरकत असेल.”

“माह्या खालाले झाली होती असली गाठ,” सलीम म्हणाला. “आता तू मले पट्टा दाखवू नको. डॉक्टरले छाती दाखव. मी अस्तर शिवून देत नाई.”

मी चिडून निघालो. रागाच्या भरातच दुसऱ्या दिवशी चंद्रपूरला गेलो, त्याला खोटं पाडायला.

पेशंट कुठी आहे?

चंद्रपूरच्या सर्जनने गाठ दाबली, काखेत दाबलं, आणि गप्पा मारायचं बंद केलं. नागपूरची चिठ्ठी लिहून दिली. नागपूरला त्या दवाखान्यात माझ्या तपासणीच्या दारावर पाटी होती: स्तन विभाग. बाहेर तीस-चाळीस बायका आणि मी. खिडकीवरच्या माणसाने केसपेपरवर माझ्या नावाआधी सवयीने ‘श्रीमती’ लिहिलं, मग खोडलं. खोडलेलं स्पष्ट दिसत होतं. इलाज संपेपर्यंत मी तोच कागद वागवला.

शेजारी मूलकडची एक बाई बसली होती, कमलाबाई. डोक्याला स्कार्फ. तिने विचारलं, “पेशंट कुठी आहे भाऊ? लघवीले गेली काय?”

“मीच,” मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या हसण्याची वाट पाहत होतो. ती उठली आणि म्हणाली, “मंग तुमी इथी बसा, पंख्याखाली. पयल्या दिवशी लय घाम येते.” त्या सगळ्या वर्षात कुणी माझ्याशी इतकं बरं वागलं असेल असं मला आठवत नाही.

सुईच्या तपासणीचा रिपोर्ट चार दिवसांनी मिळाला. संध्या सोबत होती. डॉक्टर वयस्क, तुटक बोलणारे. त्यांनी आडवळण घेतलं नाही. म्हणाले, कॅन्सर आहे, स्तनाचा आहे, काखेपर्यंत गेला आहे, ऑपरेशन लगेच. मी विचारलं, “पट्ट्याने होऊ शकतं का?” त्यांना कसला पट्टा ते कळेचना. कळल्यावर म्हणाले, “नाही. कुठल्याच पट्ट्याने होत नाही.”

मग त्यांनी विचारलं, “बहिणी आहेत?”

“एक. मोठी.”

“तिला सांगा. पुरुषाला झाला म्हणजे घरात कुणालाही होऊ शकतो. तिची तपासणी करून घ्या, लवकर निघाला तर काहीच अवघड नाही. मुली आहेत?”

“मूलबाळ नाही,” मी म्हणालो. आणि त्या क्षणी मला कॅन्सरची भीती वाटली नाही. वाटली ती कॉलनीची. मूल नाही, आणि आता बायकांचा रोग. पानपट्टीवर काय बोलतील ते सगळं मला शब्दासकट ऐकू येत होतं.

बाहेर आल्यावर संध्या रडत होती, आणि मी तिला बजावत होतो, “कुणालेच सांगायचं नाई. पट्ट्याची गाठ होती, पिकली, काढली. एवढंच.”

“आन् बाईले?” ती म्हणाली. “डॉक्टर काय म्हणाले ते आयकलं ना तुमी?”

“बाईले मी सांगतो. जरा बरं वाटू दे.”

खोटं

खोटं बोलायला काही मेहनतच लागली नाही. माझा पट्टा, माझी अस्तरं, माझी तेलं सगळ्या खात्याला माहीत होती. लोकांनी माझ्या तोंडून ऐकायच्या आधीच अंदाज बांधला होता. तो इंजिनीअर तर घाबरून गेला, त्याने स्वतःचा पट्टा कचऱ्यात टाकला. मी ते पाहिलं आणि एक शब्द बोललो नाही. फक्त सलीमला खरं माहीत होतं, आणि त्याने ते कुणाला सांगितलं नाही.

ऑपरेशन झालं. डावी बाजू सपाट झाली, काखेपर्यंत आडवी शिवण आली. मग सलाइनमधून औषधं, दर तीन आठवड्यांनी. सकाळी रक्त द्यायचं, रिपोर्ट येईपर्यंत बसायचं, पेशी कमी भरल्या तर परत जायचं. एवढ्या लांबून येऊन परत जाण्याचा राग शब्दांत सांगता येत नाही. पेशी बऱ्या भरल्या तर खुर्चीवर बसून थेंब मोजायचे. शेवटी पंचवीस दिवस शेक, म्हणजे रेडिएशन. धर्मशाळेत एक खोली, तीन कॉट, एक शेगडी. संध्या भात टाकायची, मला त्याचा वासही नको व्हायचा, मी तिच्यावर ओरडायचो, ती बाहेर जाऊन एकटी जेवायची. ती कधी उलटून बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तोंड फोडांनी भरलं तेव्हा कमलाबाईने उपाय सांगितला. “ताकात भात पातळ कालवा. थंड करून घ्या. तिखटाकडं पाहू बी नका.” तिने तो स्टीलच्या डब्यातून आणलाही. खाताखाता तिने विचारलं, “तुमाले बहीण आहे ना? दाखवली?”

“दाखवणार आहे.”

“दाखवा बाप्पा. मी माह्या तिघी बहिणीले वढत आणलं. एक तर रडे, कायले आणलं म्हणे. शिव्या दिल्या मले.” ती हसली. “देऊ दे.”

मी मान हलवली आणि भात खात राहिलो.

बाई भेटायला आली

तिसऱ्या सलाइननंतर मी घरी होतो. बाई कुरखेड्याहून तीन बस बदलून आली, सोबत घरचा तांदूळ आणि आंबाडीचं लोणचं. दारातच तिने माझं डोकं पाहिलं. एकही केस नव्हता.

“माय! हे काय रे?” ती म्हणाली. “पट्ट्यानं केस बी जातात काय?”

संध्या स्वयंपाकघराच्या दारात थांबली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. ती वेळ होती. सांगायला दोन वाक्यं पुरली असती.

“गाठीत पू झाला होता,” मी म्हणालो. “औषधं गरम पडली. येतात परत केस.”

“दाखव मले कुठी झालं ते.”

“नको. पट्टी बांधली आहे.”

“निस्त्या पट्ट्यानं एवढं होते?”

“होते, बाई. रोज रोज घासलं तर आत गाठ धरते. काढली का संपलं.”

मी मशीनचा माणूस. बाईच्या नजरेत माझ्याइतकं शिकलेलं आमच्या घरात कुणी नव्हतं. तिने मान डोलावली. “जळो ते घड्याळ,” म्हणाली, आणि आत जाऊन भात टाकला. संध्या त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बाई गेल्यावर एवढंच म्हणाली, “तुमी तिले नुस्तं लपवलं नाई. तुमी तिले चूक शिकवून पाठवली.”

मला ते तेव्हा बायकी किरकिर वाटलं.

पुन्हा घड्याळ

शेक संपले, केस आले, गोळ्या सुरू झाल्या. मग डॉक्टर म्हणाले, आता फिरा, पोहा, काही हरकत नाही. मी पुन्हा धरणात उतरलो. डावा हात आधी उठेना, मग उठायला लागला. उघड्या छातीने पोहायचं सोडलं होतं, बनियन घालून पोहायचो.

नवी अडचण आली ती परत पट्ट्याचीच. शिवणीवर पट्टा सहन होईना. मग मी छातीला न बांधता ठोके मोजणारं घड्याळ शोधायला लागलो. एकात बोट दाबून धरायचं, पण पळता पळता कोण धरणार. एकाचा पट्टा म्हणे पाठीवरून घेता यायचा. आता खात्यात इंटरनेट आलं होतं. पुन्हा रकाने आखले, पुन्हा वजन, बॅटरी, पाण्यात किती खोल. त्या सहा महिन्यांत माझ्याकडे जगातल्या सगळ्या घड्याळांसाठी वेळ होता. बाईला आठवड्याला फोन व्हायचा. भात कापला का, भाऊजींचा गुडघा कसा आहे, कुरखेड्याच्या वाटेवर वडसाला दिलेल्या भाचीचं, सोनालीचं, काय चाललं. दर वेळी ठरवायचो आणि दर वेळी म्हणायचो, आता बरा झालो आहे, आता सांगून तिला कशाला घोर लावायचा. लाज होती ती, आणि मी तिला काळजी म्हणत होतो.

त्या हिवाळ्यात मी ट्रायथलॉन पूर्ण केलं. शेवटून सहावा आलो. फोटो बाईला पाठवला. तिने तो अंगणवाडीच्या भिंतीवर लावला.

भाऊबीज

पुढची दिवाळी. भाऊबीजेला कुरखेड्याला गेलो. मी पाटावर बसलो, बाईने ताट उचललं ते डाव्या हाताने. ओवाळायला लागली तर ताट नीट फिरेना, दिवा कलंडला.

“हाताले काय झालं, बाई?”

“उजवा भरून राह्यला. जड वाटते.” तिने ताट खाली ठेवलं आणि पदर सावरून बसली. “काई नाई रे. तुह्यासारखीच गाठ आहे. पट्ट्याची.”

मला काही कळेना.

“झोळीच्या,” ती म्हणाली. “लेकरं मोजाचा काटा, रजिस्टर, सारं त्याच झोळीत असते ना. तिचा पट्टा इथून जाते आडवा.” तिने उजव्या खांद्यावरून छातीवर हात फिरवला. “वीस साल झाले तोच पट्टा घासून राह्यला. गाठ धरली. मी पट्ट्याले जुन्या लुगड्याचं कापड गुंडाळलं, मऊ केलं. मंग डाव्या खांद्यावर घ्याले लागली. तुही काढल्यावर बरी झाली ना? माही बी होईन. धान कापणं झालं का दाखवतो.”

“किती दिवस झाले?”

“मागच्या दिवाळीच्या आधीपासून असन.”

भाऊजी ओसरीत होते. संध्या माझ्या मागे उभी होती आणि तिने तोंडाला पदर लावला होता. मी म्हणालो, “बाई, माझी पट्ट्याची नव्हती.”

“मंग?”

“कॅन्सर होता. छातीचा, बायकांना होते तो. डॉक्टरने तेव्हाच सांगितलं होतं, बहिणीला दाखवून घ्या म्हणून.”

तिने ताटातला कलंडलेला दिवा सरळ केला. मग म्हणाली, “तुले तवापासून माहीत होतं.”

“हो.”

“मंग तू मले काऊन सांगतलं नाई?”

“लाज वाटली.”

“माही?” बाईने माझ्याकडे पाहिलं. “माही लाज वाटली? मी तुले न्हाऊ घातलं आहे रे.”

मी तिच्या पाया पडायला वाकलो. तिने पाय मागे घेतले. आयुष्यात पहिल्यांदा. मग उठून भाऊजींना जेवायला वाढायला गेली.

तोच बाक

चार दिवसांनी नागपूरला तीच पाटी, तोच बाक. या वेळी मी खरोखर सोबत आलेला पुरुष होतो. बाई, भाऊजी आणि मी आत गेलो. माहिती लिहून घेणारी डॉक्टर तरुण होती, मला ओळखत नव्हती. वय विचारलं, लेकरं विचारली, गाठ कधीपासून ते विचारलं. मग म्हणाली, “घरात आणखी कुणाला असा आजार झाला होता?”

भाऊजी लगेच म्हणाले, “नाई मॅडम. आमच्याकडं कोणालेच नाई.” त्यांना बाईने काही सांगितलेलं नव्हतं.

बाई खुर्चीवर सरळ बसली होती. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, “याले विचारा.”

“मला,” मी म्हणालो. “स्तनाचा.”

“कधी?”

“दोन वर्षांपूर्वी. इथेच.”

डॉक्टरने लिहायचं थांबवलं. “मग यांना तेव्हाच का आणलं नाही?”

भाऊजींनी एकदा माझ्याकडे, एकदा बाईकडे पाहिलं आणि ते बाहेर निघून गेले. पुढच्या फेरीला रिपोर्टात गाठ हाडापर्यंत गेलेली निघाली. माझ्या डॉक्टरांनी मला वेगळं बोलावून सांगितलं की वर्षभर आधी आली असती तर गोष्ट वेगळी असती. ते मला न बोलावताही माहीत होतं. त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी मी चंद्रपूरची बस धरली, ते दोघं कुरखेड्याकडे निघाले. बसस्टँडवर बाई मला म्हणाली, “संध्याले म्हणजो, गोळ्या वेळेवर देत जाय तुले.”

बाई आणखी तेरा महिने होती. ज्या खुर्चीवर मी थेंब मोजले त्याच ओळीत बसली. मी प्रत्येक वेळी गेलो. ताकात भात कालवून नेला. तिने तो खाल्ला. त्या विषयावर ती माझ्याशी पुन्हा कधी बोलली नाही, आणि मी माफी मागायला लागलो की नर्सला हाक मारायची.

ज्यांना उपयोग हवा आहे त्यांच्यासाठी: पुरुष असाल तरी आंघोळीच्या वेळी हात फिरवा. दुखत नाही म्हणून गाठ साधी नसते. डॉक्टर जे सांगायला सांगतील ते त्याच दिवशी सांगा. लाजेने कुणी मरत नाही.

सोनाली

बाईचं तेरावं झाल्यावर मी सोनालीला फोन केला. भाची माझी, वय चोवीस-पंचवीस, एक मुलगी. या वेळी तरी उशीर करायचा नाही असं ठरवलं होतं. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं, कारण माझा माझ्यावर भरवसा राहिला नव्हता. भाऊजी माझ्याशी बोलणं सोडून बसले होते, सोनालीही फार बोलत नव्हती.

मी म्हणालो, “सोनाली, एक महत्त्वाचं सांगायचं आहे. तू मनाला लावून घेऊ नको. मला जो आजार झाला होता तो, आणि आईला जो झाला तो...”

“माहीत आहे मामा,” ती म्हणाली. “मी दाखवून आली. दोनदा. आता दर साली बलावलं आहे.”

“तुला कुणी सांगितलं?”

“आईनं. तुमी लोकं नागपूरले पयल्यांदा गेले ना, त्याच दिवशी. बाबाले म्हणे, तुमी व्हा पुढं. आन् स्वतः घरी गेलीच नाई. आधी वडसाले उतरली, माह्याकडं. चप्पल बी काढली नव्हती, दारातच सांगतलं.”